पाचवी सही

मुंबईच्या नातेवाइकांना मी नेमकं काय काम करते हे सांगताना ‘प्रोबेटसारखं असतं’ म्हणून सुटका करून घेते. ते तितकंसं खरं नाही. प्रोबेटमध्ये मृत्युपत्र खरं आहे की नाही, एवढाच मुख्य प्रश्न. गोव्यात मृत्युपत्र असो वा नसो, नोटरीपुढे बसून घरच्यांचं एकमत झालं नाही की अख्खी वाटणी दिवाणी न्यायालयात येते. तिला आम्ही ‘इन्व्हेंटरी’ म्हणतो. वारस कोण, मालमत्ता कोणती, तिची किंमत किती, कुणाच्या पदरात काय, हे सगळं एकाच फायलीत ठरतं.

पाया १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्याचा. तो इथे १ जुलै १८७० पासून लागू झाला आणि १९६१ च्या मुक्तीनंतरही राहिला. वारसा आणि इन्व्हेंटरी यांच्यासाठी २२ डिसेंबर २०१६ पासून गोव्याचा स्वतःचा कायदा आला, तरी आतली चौकट बरीचशी तीच आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता निम्मी-निम्मी. मुलं असतील तर आपल्या वाट्यातलं निम्म्याहून जास्त मृत्युपत्राने दुसऱ्याला देता येत नाही. आणि मुलगा-मुलगी सारखे. हे शेवटचं वाक्य इथे दीडशे वर्षं कायद्यात आहे, म्हणून ते घराघरात आहे असं कुणी समजू नये.

उत्तर गोव्यातल्या एका तालुक्याच्या न्यायालयात मी अधीक्षक असताना घडलेलं हे प्रकरण. कुटुंब ओळखू येईल असे तपशील बदलले आहेत. कागद कोणत्या क्रमाने समोर आले, तो क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे.

आमच्या कक्षात पाच माणसं होती. मी, अठ्ठावीस वर्षं नोकरी झालेले हेडक्लार्क, एक वरिष्ठ लिपिक, वर्षभरापूर्वी लागलेली एक कनिष्ठ लिपिक मुलगी आणि समन्स घरोघरी पोचवणारे बेलिफ. बेलिफांना सगळे ‘दादा’ म्हणत. लोकांसमोर ते मला ‘मॅडम’ म्हणायचे आणि चहाच्या वेळी ‘बाय’.

मी रुजू झाले तेव्हा इन्व्हेंटरीच्या जुन्या फायली दोन लोखंडी कपाटं भरून वर खोक्यांत गेल्या होत्या. नव्या माणसाला असतो तसा उत्साह मलाही होता. भिंतीवर मोठा पांढरा कागद चिकटवला. डावीकडे महिने, वर तीन रकाने: दाखल, चालू, निकाली. दर महिनाअखेरीला निकालीच्या रकान्यात मी स्वतः हिरव्या स्केचपेनने आकडा लिहायचे आणि तो वाढला की सगळ्यांना भजी आणि चहा. दर महिन्याचं पत्रक वर पाठवायचं असतंच, ते काही माझ्या हातात नव्हतं. पण तो आकडा भिंतीवर आणून टेबलाटेबलावर फिरवला तो मी. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्या, कारण मी स्वतः ते फार उशिरा लक्षात घेतलं.

फाईल होती एका बागायतदाराची. तो आणि त्याची बायको दोघंही वारलेले, म्हणून दोघांची इन्व्हेंटरी एकत्र. मालमत्तेत गावातलं घर, ओढ्याकाठचं सुपारीचं कुळागर आणि दोन भातशेतं. अर्ज थोरल्या मुलाचा. न्यायालयाने त्यालाच कुटुंबप्रमुख नेमलं. वकील मंडळी अजून जुन्याच शब्दात त्याला ‘काबेसा द काझाल’ म्हणतात. वाटणी होईपर्यंत मालमत्ता सांभाळायची आणि शपथेवर वारसांची नावं सांगायची, हे त्याचं काम. त्याने सांगितलं: आपण दोघे भाऊ आणि तीन बहिणी. त्यातली एक बहीण आधीच वारलेली, तिच्या जागी तिचा मुलगा. तो इंग्लंडात, स्विंडनला.

या स्विंडनने आम्हाला खाल्लं. परदेशातल्या माणसाला समन्स पोचवायचं म्हणजे कागद दिल्लीला कायदा मंत्रालयात जातो, तिथून त्या देशात आणि त्याच वाटेने परत. एकदा पत्त्यातला पोस्टकोड चुकला म्हणून कागद परत आला. एकदा त्याने घर बदललं. शिवाय आमच्याकडे वारसाच्या जोडीदारालाही समन्स लागतं, कारण वारशाने आलेलं बहुधा दोघांचं होतं. म्हणजे त्याच्या बायकोचंही वेगळं समन्स. यात चौदा महिने गेले. शेवटी त्याने मावसभावाच्या नावे मुखत्यारपत्र पाठवलं, त्या दिवशी कक्षात पेढे वाटले गेले. पेढे मीच आणले होते.

पुढची गाडी सुरळीत. मालमत्तेची यादी आली, किंमत ठरली, कुणाची हरकत नाही. मग वारसांची बैठक आणि लिसितासांव. वारसांनी आपसातच बोली लावायची, जास्त बोलीवाल्याने ती वस्तू घ्यायची आणि आपल्या हिश्शाच्या वर जे जाईल ते बाकीच्यांना रोख द्यायचं. कुळागर धाकट्या भावाने घेतलं. बोली बरीच चढली, थोरल्याने मध्येच मान खाली घातली. वाटणीचा तक्ता तयार करायला घेतला. तो मंजूर झाला की निकाल आणि माझ्या रकान्यात हिरवा आकडा.

एका सोमवारी साडेदहाच्या सुमाराला काउंटरवर साठी ओलांडलेल्या एक बाई आल्या. हातात कापडी पिशवी, सोबत त्यांचा मुलगा, तो बाहेरच उभा. त्यांनी कनिष्ठ लिपिकेला विचारलं, “माझ्या बापायच्या कुळागराचा लिलाव तुमच्याकडेच झाला का गं?”

तिने वडिलांचं नाव विचारलं. बाईंनी सांगितलं. मुलीने फाईल काढली नाही. ती उठून थेट माझ्या टेबलापाशी आली आणि हळूच म्हणाली, “मॅडम, चौथी मुलगी आली.”

मला काही कळेना. चौथी कुठली? तीनच तर होत्या.

मग तिने फाईल आणली आणि मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या खिशातून एक चिठ्ठी काढली. रद्दी कागदाचा तुकडा, पेन्सिलीने लिहिलेला: ‘विक्रीखत पान ४, संमती देणारी मुलं ५. वंशावळीत थोरला सोडून ४. विचारायचे?’ खाली तारीख. ती तारीख लिसितासांवच्या आठ महिने आधीची होती.

इथे जरा थांबून सांगते, कारण सगळं या एका कागदावर उभं आहे. बापाने आपल्या एका मुलाला जमीन विकायची तर बाकीच्या मुलांची संमती लागते, असा त्या पोर्तुगीज कायद्याचा नियम. विक्रीच्या नावाखाली बाकीच्यांचा वाटा हळूच पळवला जाऊ नये, हा त्यातला हेतू. या गृहस्थाने १९८४ साली घरालगतचा एक तुकडा थोरल्या मुलाला विकला होता. त्या विक्रीखताची प्रत थोरल्यानेच फाईलमध्ये लावली होती, तो तुकडा वाटणीत येऊ नये म्हणून. त्याच्या चौथ्या पानावर बाकीच्या भावंडांच्या सह्या, प्रत्येकीच्या नवऱ्यासकट. भाऊ एक, बहिणी चार. पाचवी सही जिची होती तिचं नाव-आडनाव दोन्ही सासरचं. वंशावळीत कुठेच नसल्यामुळे ते नजरेला कुणी परकं, एखादा साक्षीदार असावा तसं दिसायचं. आमच्या कनिष्ठ लिपिक मुलीने मात्र सह्या मोजल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं, तरी मोजल्या होत्या.

चिठ्ठी तिने फायलीच्या दर्शनी बाजूला लावली होती. हेडक्लार्कनी ती काढून पुठ्ठ्याच्या खिशात सारली. त्यांचं म्हणणं साधं होतं: विक्रीखत हा मालकीचा कागद, वारसांचा नव्हे, वकिलांना दिसलं नाही ते आपण कशाला उकरायचं? आणि ती मुलगी परत माझ्याकडे का आली नाही, हे मी विचारलं तेव्हा तिने भिंतीकडे पाहिलं. त्या महिन्यात मी कक्षात म्हटलं होतं, ही फाईल मार्चच्या आत गेली पाहिजे, हिच्यात आता नवं काही नको. शब्द माझेच होते. तिने ते जसेच्या तसे ऐकवले, तक्रारीच्या सुरात नाही, अगदी रोजनामा वाचावा तसे.

बाई त्या गावापासून अकरा किलोमीटरवर राहत होत्या. आम्ही चौदा महिने इंग्लंडात माणूस शोधत होतो.

न्यायालयात जे झालं ते थोडक्यात सांगते. त्यांनी अर्ज दिला. थोरल्याचं म्हणणं, तिला लग्नात भरपूर दिलं होतं आणि तिने त्याच वेळी देवासमोर हक्क सोडला. तोंडी. वारसा सोडायचा तर त्याला रीतसर दस्तऐवज लागतो. देवासमोरचा शब्द फायलीत चालत नाही. मग प्रश्न आला, ही मुलगीच, हे कशावरून? नागरी नोंदणीतून ‘नोंद आढळली नाही’ असा दाखला आला. बाईंचा जन्म मुक्तीच्या आधीचा. आमच्या वरिष्ठ लिपिकाच्या डोक्यात त्या वेळी प्रकाश पडला, त्याचं श्रेय त्याचंच. बाईंचं माहेरचं नाव ‘श’ ने सुरू होणारं. शोधणाऱ्याने ते इंग्रजी ‘एस’ खाली पाहिलं होतं. पोर्तुगीज काळात ‘श’ हा ‘एक्स’ ने लिहीत. शेट, शिरोडकर ही नावं जुन्या कागदांत एक्सने सुरू झालेली आपण पाहतो. तसंच ‘क’ कधी ‘सी’ खाली, कधी ‘क्यू’ खाली. बाईंच्या मुलाने पुन्हा अर्ज केला, एक्स खाली शोधा म्हणून. चार दिवसांत उतारा मिळाला.

लिसितासांव रद्द झालं. बाईंना आणि त्यांच्या यजमानांना समन्स, पुन्हा बैठक, पुन्हा बोली. पाचवा हिस्सा होता तो सहावा झाला. धाकट्याने कुळागर पुन्हा घेतलं, पण चढ्या बोलीने. स्विंडनवाल्याचं मुखत्यारपत्र होतंच, म्हणून दिल्लीची फेरी वाचली. तरी सात महिने गेले.

आता कक्षाचं. सगळ्यात आधी मी भिंतीवरचा कागद काढला. तो काढणं सोपं होतं. अवघड होतं ते हेडक्लार्कशी बोलणं. दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, सगळे गेल्यावर, खुर्ची ओढून बसले.

“मॅडम, आपण पोस्टमन. वकील देतात ते साहेबांपुढे ठेवायचं, साहेब देतात ते वकिलांना. पत्रं फोडून वाचायला लागलो तर उद्या आपल्यावरच बोट येईल.”

हे म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. कार्यालयाने कुणाची बाजू घ्यायची नसते, सल्ला द्यायचा नसतो, वारस शोधत गावभर फिरणं तर नाहीच. त्यांनी अशा कार्यालयात उमेदीची वर्षं घालवली होती जिथे जास्त हुशारी दाखवणाऱ्या कारकुनावर तक्रारी झालेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. मी त्यांना एवढंच विचारलं, “पत्रावर पत्ता चुकीचा दिसला तर पोस्टमन काय करतो?”

ते म्हणाले, “शेरा मारून परत पाठवतो.”

“मग शेरा मारू. बाकी काही नको.”

त्यातून जी पद्धत निघाली तिचा मसुदा त्यांनीच त्यांच्या सुरेख अक्षरात केला. समन्स काढण्याआधी प्रत्येक फाईलची वंशावळ एका पूर्ण कागदावर काढायची आणि खाली दोन याद्या. पहिली, कागद नसलेली नावं: वंशावळीत नाव आहे पण जन्म, लग्न किंवा मृत्यूचा उतारा नाही. दुसरी, नाव नसलेले कागद: विक्रीखत, फॉर्म एक-चौदा म्हणजे जमिनीचा उतारा, जुनं मृत्युपत्र, कुठेही दिसलेलं पण वंशावळीत न बसणारं नाव. दुसरी यादी कुणाला सुचली ते सांगायला नको. दोन्ही याद्या कार्यालयीन टिपणीत, आमचं मत न लिहिता, न्यायाधीशांपुढे. पुढे काय विचारायचं ते न्यायालय ठरवेल. आणि एक नियम: फायलीवर लावलेली चिठ्ठी लेखी उत्तर दिल्याशिवाय कुणी काढायची नाही. मीसुद्धा नाही.

आणि बेलिफदादा. प्रकरण उघडं पडल्यानंतर एक दिवस चहाच्या वेळी मी सहज म्हटलं, दादा, तुम्ही त्या गावात वीस वर्षं समन्स लावताय, तुम्हाला ठाऊक होतं का? त्यांनी बशीतला चहा संपवला. “थोरली न्हू ती? शिगम्याक येता ना दर वर्सा. म्हाका कोणें विचारलेंच ना.” ती दर वर्षी शिगम्याला येते, पण दादांना कुणी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून दर शुक्रवारी चार वाजता दादा आमच्या टेबलाशी बसू लागले. त्या आठवड्यात निघायची समन्सं त्यांना वाचून दाखवायची. कोणता वाडा, घर बंद असतं का, नाव तेच आहे की लोक दुसऱ्याच नावाने ओळखतात. परत येणारी समन्सं लगेच कमी जाणवू लागली. आकडा मी मुद्दाम ठेवला नाही.

हे सगळं गोड झालं असं मात्र नाही. तिसऱ्याच महिन्यात दादा एका फायलीबद्दल म्हणाले, या मयताची पलीकडच्या वाड्यावर दुसरी बायको होती, तिला एक मुलगा. वरिष्ठ लिपिकाने ते काउंटरवर एका वकिलाला ‘जरा बघा बरं’ म्हणून सांगितलं. ती बाई त्या मयताची भावजय निघाली. विधवा होती, म्हणून तो तिला धान्य पोचवायचा, बस. कुटुंबाने लेखी तक्रार केली, आणि बरोबर केली. न्यायाधीशांनी मला चेंबरमध्ये बोलावून फार शांतपणे विचारलं, तुमच्या कक्षात आता गावच्या गप्पांवर फायली चालतात का? उभ्या उभ्याच मी उत्तर दिलं, आणि ते उत्तर काही चांगलं नव्हतं.

त्या दिवशी हेडक्लार्क एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

शुक्रवारची बैठक बंद करावी असं दोन दिवस वाटत होतं. केली नाही. नियम घट्ट केला: दादांचं बोलणं टेबलाबाहेर जायचं नाही आणि कुठल्याही टिपणीत यायचं नाही. त्यावरून फार तर फायलीतला कागद पुन्हा उघडून पाहायचा. कागदात काही सापडलं तरच दुसऱ्या यादीत. नाही सापडलं तर तो विषय चहाबरोबर संपला. वरिष्ठ लिपिकाला मी मेमो दिला नाही. तक्रारीच्या उत्तरात चूक कक्षाची आणि कक्षप्रमुख म्हणून माझी, असं लिहिलं. चिठ्ठीच्या वेळी हे लिहायची संधी मला मिळाली नव्हती, कुणी विचारलंच नव्हतं.

कनिष्ठ लिपिकेबद्दल एक कबुली. तिचं कौतुक मी सर्वांसमोर केलं आणि ते तिला महागात पडलं. काही आठवडे कुणीही तिच्याशी नीट बोलेना. ‘सह्या मोजणारी’ असं नाव पडलं. कौतुक करायचंच होतं तर तिच्या हातात दुसरी यादी सोपवून गप्प बसायला हवं होतं. ते मी नंतर केलं. आता हेडक्लार्कच तिला विचारतात, “काय गं, तुझ्या यादीत आज कोण?”

निकालानंतर त्या बाई प्रमाणित प्रत न्यायला आल्या. फी भरली, चष्मा लावला आणि काउंटरवरच प्रत वाचायला लागल्या. सगळी नाही, फक्त स्वतःचं नाव. पहिल्या पानावर माहेरचं नाव उर्फ सासरचं. सासरच्या आडनावात एक अक्षर चुकलं होतं. त्यांनी बोट ठेवून दाखवलं. मुलीने मूळ कागद काढून पाहिला. चूक प्रतीतलीच होती. तिने दुरुस्त करून पुन्हा माझी सही घेतली. बाईंनी प्रत घडी न घालता तशीच पिशवीत सरळ उभी ठेवली.

कपाटावरची खोकी अजून आहेत, जरा कमी. या आठवड्याच्या फायलींपैकी एकीत दुसऱ्या यादीत दोन नावं आहेत, दोन्ही एकाच जुन्या विक्रीखतातली, आणि कुणालाच त्यांचा पत्ता लागत नाही. शुक्रवारी दादांना विचारू. पुढच्या महिन्यात ते निवृत्त होतायत. त्यांच्या जागी येणारा मुलगा हुशार आहे, मोबाइलवर नकाशे झटकन काढतो. तो दक्षिण गोव्यातल्या काणकोणचा आहे. इकडचा एकही वाडा त्याने अजून पायी पाहिलेला नाही.